एमआरआय सिम्युलेशन: पल्स न देताच २३.५ मिलिसेकंदांना इको येतोय, कुठून?

दीपमाळ

नमस्कार मंडळी. एमएस्सी भौतिकशास्त्राचं शेवटचं वर्ष चालू आहे आणि एमआरआयच्या सिग्नलचं संगणकावर मॉडेल करायचा प्रकल्प घेतलाय. दोन महिने कोड लिहितेय. दोन ठिकाणी अडकलेय आणि गाइड सर परगावी आहेत, म्हणून इथे विचारते. जरा सविस्तर लिहिते, म्हणजे चूक कुठे आहे ते जाणकारांना दिसेल.

पाण्याने भरलेली १० सेंटिमीटर लांब नळी, तिच्यावर मीटरला १० मिलिटेस्ला ग्रेडियंट (जागेनुसार बदलत जाणारं चुंबकीय क्षेत्र). नळीत दर ०.१ मिलिमीटरवर चुंबकनाचा एकेक बाण ठेवलाय, असे एकूण १०००. प्रत्येक बाणासाठी ब्लॉखची समीकरणं (बाण कसा फिरतो आणि विझतो ते सांगणारी) सोडवायची आणि सगळ्यांची बेरीज करायची, की झाला कॉइलमधला सिग्नल. टी१ (बाण मूळ दिशेला परतायचा काळ) एक सेकंद, टी२ (सिग्नल विझायचा काळ) १०० मिलिसेकंद. मुख्य क्षेत्रामुळे होणारी फिरकी वजा करून टाकलीय, त्यामुळे उरते ती फक्त ग्रेडियंटची.

आधी ऑयलरची पद्धत वापरली होती, पायरी एक मायक्रोसेकंद. नळीच्या मधले बाण जागच्या जागी राहिले, टोकाचे मात्र लांबच लांब होत गेले. एका मिलिसेकंदात टोकाचा बाण मूळच्या सात हजार पट! त्याचं कारण माझं मला सापडलं. टोकाला वारंवारता २१,२९० हर्ट्झ पडते. ऑयलर दर पायरीला स्पर्शिकेवरून पुढे सरकतो आणि वर्तुळाच्या थोडा बाहेरच राहतो. दर वेळी जेमतेम ०.९ टक्का वाढ, पण हजार पायऱ्यांत तीच डोंगराएवढी होते. आता बाण आधी साइन-कोसाइनने नेमक्या कोनातून फिरवते आणि मग क्षय लावते. हा भाग सुटला.

अडचण पहिली: ९० अंशांची पल्स दिली. सिग्नल क्षणात विरला, तसाच विरायला हवा. पुढे शांत. आणि २३.५ मिलिसेकंदांना टोकदार उसळी, सुरुवातीच्या उंचीच्या ७९ टक्के. पांगलेल्या बाणांना पुन्हा जुळवून इको, म्हणजे सिग्नलची परतीची उसळी, आणते ती १८० अंशांची पल्स मी दिलेलीच नाही. मग हा इको कुणी आणला?

अडचण दुसरी: चित्र बनवायचा कोड वेगळा आहे, गोल फँटम (चाचणीसाठीची नकली वस्तू), २५६ गुणिले २५६. रिअल आणि इमॅजिनरी दोन्ही भागांत नॉइज असा मिसळला की चित्रात त्याचं प्रमाण विचलन १० यावं. चित्राच्या काळ्या कोपऱ्यात मोजलं तर विचलन १० नाही, ६.५ येतंय. आणि सरासरी शून्य हवी ती १२.५! कोड तीनदा तपासला.

---

लंबक

दीपमाळ, प्रश्न इतका नीट मांडला आहेस की अर्धं उत्तर त्यातच आहे. पहिल्याचं सांगतो, दुसऱ्याचं सांगणारे इथे माझ्यापेक्षा तयारीचे लोक आहेत.

तो इको खरा नाही. तुझ्या ०.१ मिलिमीटरने तो आणला आहे.

हिशेब कर. प्रोटॉनची वारंवारता टेस्लाला ४२.५८ मेगाहर्ट्झ. मीटरला १० मिलिटेस्ला म्हणजे मिलिमीटरला ४२५.८ हर्ट्झ. तुझे दोन शेजारी ०.१ मिलिमीटरवर, म्हणजे त्यांच्या फिरण्यात फरक ४२.५८ हर्ट्झचा. आता एक भागिले ४२.५८ काय येतं? ०.०२३५ सेकंद.

अंगणात हजार भिंगऱ्या एका ओळीत लावल्या आहेत असं समज. दुसरी भिंगरी पहिलीपेक्षा थोडी वेगात, तिसरी दुसरीपेक्षा तेवढीच अधिक वेगात, असं शेवटपर्यंत. सुरुवातीला सगळ्यांची तोंडं एकीकडे, मग पांगापांग. पण अशी एक वेळ येतेच, जेव्हा प्रत्येक भिंगरीने शेजारणीपेक्षा बरोब्बर एक फेरा जास्त घेतलेला असतो. त्या क्षणी सगळ्यांची तोंडं पुन्हा एका दिशेला! तुझ्या नळीत हेच २३.५ मिलिसेकंदांना होतं. ७९ टक्केही जुळतात, कारण टी२ १०० असेल तर तेवढ्या वेळात उरतं तेवढंच.

खऱ्या पाण्यात रेणू असे मोजून-मापून रांगेत बसलेले नसतात, म्हणून खऱ्या पाण्यात हा इको नाही.

माझ्यावर विश्वास ठेवू नकोस, कोडलाच विचार. अंतर अर्धं कर, ०.०५ मिलिमीटर. इको खरा असेल तर जागचा हलणार नाही, मॉडेलचा असेल तर ४७ मिलिसेकंदांवर जाईल. मग अंतर परत ०.१ करून प्रत्येक बाण आपापल्या ०.१ मिलिमीटरच्या घरात वाटेल तिथे ठेव. तिसरी तपासणी, १० मिलिसेकंदांना १८० अंशांची पल्स दे. हान यांनी १९५० मध्ये दाखवलेला खरा इको २० ला यायला हवा आणि अंतर कितीही बदललंस तरी तिथेच राहायला हवा. तिन्ही करून आकडे इथे टाक.

---

खिडकीपाशी

मी विज्ञानातली नाही, पण धागा पूर्ण वाचला आणि भिंगऱ्यांपर्यंत समजला. मागच्या महिन्यात आईचा मेंदूचा एमआरआय झाला. पाऊण तास ती त्या नळकांड्यात होती, ठकठक आवाज, हलायचं नाही. बाहेर बसून सारखं वाटत होतं की एक्स-रे क्षणात निघतो, मग याला इतका वेळ का लागावा? इथे विचारलं तर चालेल ना?

---

लंबक

चालेल म्हणजे काय, हाच प्रश्न सगळ्याच्या मुळाशी आहे.

सिग्नल फार अशक्त असतो म्हणून वेळ लागतो. शरीरातल्या पाण्याच्या प्रोटॉनपैकी काही चुंबकीय क्षेत्राच्या बाजूने असतात, काही विरुद्ध. दोन्ही गट जवळजवळ सारखे, आणि एकमेकांना खोडून टाकतात. १.५ टेस्लाच्या चुंबकात, शरीराच्या तापमानाला, दहा लाख प्रोटॉनमागे फरक उरतो तो पाचेक प्रोटॉनचा. सगळा एमआरआय या पाचांच्या जिवावर. नशीब एवढंच की एका थेंबातही प्रोटॉन अगणित असतात.

आणि ऐकायचं कशातून, तर अंगाजवळच्या कॉइलमध्ये उमटणाऱ्या इवल्याशा विद्युतदाबातून. त्याच कॉइलमध्ये शरीराच्या उष्णतेमुळे होणारी खरखरही उमटते. शरीर विद्युतवाहक असल्यामुळे ते स्वतःच आवाज करतं आणि त्या आवाजातून त्याचंच गाणं वेचायचं असतं. एकदा ऐकून भागत नाही. चार वेळा ऐकलं तर सिग्नल चौपट होतो आणि खरखर दुप्पट, म्हणजे फायदा दुपटीचा. आणखी दुप्पट हवी असेल तर सोळा वेळा ऐका.

ठकठक वेगळी. ती ग्रेडियंटच्या तारांची. मोठा प्रवाह झटक्यात चालू-बंद होतो, चुंबकात बसलेल्या तारांवर तेवढ्याच झटक्याने बल येतं आणि सगळा सांगाडा थरथरतो. आईंची तब्येत आता बरी असावी.

एक गोष्ट मात्र सांगितल्याशिवाय राहवत नाही, कारण माझं सगळं आयुष्य एनएमआर (एमआरआय ज्यावर उभा आहे ते अणुकेंद्रांच्या चुंबकीय अनुनादाचं तंत्र) यंत्रांशेजारी गेलं. या शास्त्राशी आपल्या मुंबईचा फार जुना संबंध आहे. फेलिक्स ब्लॉख यांच्या स्टॅनफर्डमध्ये १९५१ साली अल्कोहोलमधल्या हायड्रोजनच्या तीन वेगवेगळ्या रेषा दाखवणारा शोधनिबंध निघाला. त्यातून एनएमआर रसायनशास्त्रज्ञांच्या हाती आलं. त्या निबंधावरच्या तीन नावांपैकी एक एस. एस. धर्मट्टी. पुढे ते भारतात आले आणि टाटा मूलभूत संशोधन संस्थेत त्यांनी एनएमआरचा गट उभा केला. आणि आज जगभर एमआरआयचं चित्र ज्या फूरिए पद्धतीने निघतं, तिच्या १९७५ च्या मूळ निबंधावर अर्न्स्ट आणि वेल्टी यांच्याबरोबर पहिलं नाव आहे अनिल कुमार यांचं, जे पुढे बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत होते. आपल्या पाठ्यपुस्तकांत ही दोन्ही नावं यायला हवीत असं मला मनापासून वाटतं.

---

खिडकीपाशी

आई बरी आहे, रिपोर्ट चांगला आला. दहा लाखांतले पाच! तिला आजच सांगते.

---

कोरडवाहू

दीपमाळ, दुसऱ्या अडचणीसाठी. मी युट्रेख्टला चित्र-पुनर्बांधणीवर काम करते आणि हा प्रश्न दर वर्षी नव्या विद्यार्थ्यांकडून येतो. तुझा कोड बरोबर आहे. १२.५ आणि ६.५ हेच आकडे यायला हवेत.

बघ, तू रिअल आणि इमॅजिनरी भागांत नॉइज मिसळलास तेव्हा तो शून्याच्या दोन्ही बाजूंना होता. मग चित्र दाखवायला मॅग्निट्यूड घेतलंस, म्हणजे दोन्हींचे वर्ग, बेरीज, वर्गमूळ. त्या क्षणी ऋण काही उरलंच नाही. काळ्या कोपऱ्यात, जिथे सिग्नल नाही, तिथे जे वाटप तयार होतं त्याला रेली म्हणतात. त्याची सरासरी मूळ विचलनाच्या १.२५३ पट, आणि विचलन ०.६५५ पट. तुझे १० घेतले तर १२.५ आणि ६.५५.

फँटमच्या आत, जिथे सिग्नल भरपूर आहे, तिथे मोजून पाहा. तिथे विचलन १० च येईल. मधल्या पट्ट्यात, जिथे सिग्नल आणि नॉइज तोडीस तोड असतात, तिथलं वाटप राइस यांच्या नावाचं. बेल लॅब्जमधले राइस नॉइजवर काम करत होते ते टेलिफोन-रेडिओच्या काळात; एमआरआयच्या चित्रांसाठी ही गोष्ट १९९५ मध्ये गुड्बजार्टसन आणि पॅट्झ यांनी नीट मांडली. सिग्नल नॉइजच्या तिप्पट झाला की गाउसियन (घंटेच्या आकाराचं नेहमीचं वाटप) धरलं तरी फारसं बिघडत नाही. त्याखाली मात्र प्रत्येक आकडा खरा आहे त्याहून मोठा दिसतो.

---

सोनचाफा

कोरडवाहूताईंच्या ०.६५५ मुळे जुनी जखम उघडी झाली. मी एमआरआय टेक्नॉलॉजिस्ट, चौदा वर्षं कन्सोलवर.

एका सेंटरला होतो तिथे रोज सकाळी पहिला पेशंट घेण्याआधी पाण्याचं फँटम हेड कॉइलमध्ये ठेवून एसएनआर (सिग्नल नॉइजच्या किती पट ते) काढायचा नियम होता. चांगला नियम. मधल्या गोलातली सरासरी भागिले कोपऱ्यातल्या हवेचं विचलन, वहीत लिहा, सही करा. ०.६५५ कुणी लावत नव्हतं, म्हणजे वहीतला प्रत्येक आकडा दीडपट फुगलेला. तेवढ्याने काही बिघडत नव्हतं, कारण आज आणि काल यांची तुलनाच करायची होती.

पण पुढे सॉफ्टवेअर बदललं. एके सकाळी कोपऱ्यात गोल काढला तर विचलन जवळजवळ शून्य! एसएनआर आदल्या दिवसाच्या कितीतरी पट. वरिष्ठ म्हणाले, अपग्रेड चांगलं झालंय. मी विंडो (चित्रातल्या उजळपणाची मर्यादा) पार खाली ओढून पाहिली, तर कोपरा खरखरीत राखाडी दिसायला हवा तो सपाट काळा. नव्या फिल्टरने हवेचा भाग पुसूनच टाकला होता. आम्ही ज्यावरून नॉइज मोजत होतो तो नॉइज चित्रात राहिलाच नव्हता. हे मी सांगितलं, ऐकलं गेलं नाही, आणि पुढचे काही महिने वहीत तेच आकडे चढत राहिले. हेड कॉइलचा एक एलिमेंट (सिग्नल ऐकणारा एक छोटा भाग) त्या काळात ढिला पडला होता. तो सापडला पेशंटच्या चित्रात, डाव्या बाजूला धूसरपणा आल्यावर. रोजच्या तपासणीने तो पकडायला हवा होता. अजून वाईट वाटतं.

दीपमाळताई, प्रकल्पात हा भाग जरूर घ्या. आमच्या प्रशिक्षणात हे कुणी शिकवलं नाही.

---

कोरडवाहू

सोनचाफा, हे लिहिलंत ते फार बरं केलंत. कोपऱ्यावर विसंबायचं नाही याची आणखी दोन कारणं आहेत. आता प्रत्येक यंत्रात बरेच एलिमेंट असतात आणि त्यांची चित्रं एकत्र केली की कोपऱ्यातलं वाटप रेलीही राहत नाही. शिवाय स्कॅन लवकर व्हावा म्हणून के-स्पेसच्या (यंत्र गोळा करतं त्या कच्च्या डेटाच्या) ओळी गाळून सेन्स किंवा ग्राप्पासारख्या पद्धती वापरल्या की नॉइज चित्रभर सारखा नसतो. डोक्याच्या मध्यावर जास्त, कडेला कमी असं होतं. कोपरा मध्याबद्दल काहीच सांगू शकत नाही.

उपाय सोपा आहे. फँटम न हलवता तोच स्कॅन लागोपाठ दोनदा घ्या. दोन चित्रं एकमेकांतून वजा करा. पाणी गेलं, नॉइज उरला. फँटमच्या आतच विचलन मोजा आणि दोनच्या वर्गमुळाने भागा. पाच मिनिटं जास्त लागतात, पण आकडा खरा येतो.

---

रानवाट

थोडा वेगळा सूर लावतो. मॅग्निट्यूडमुळेच सगळा घोळ असेल तर कॉम्प्लेक्स डेटाच का वापरत नाहीत? रिअल भाग घ्या, नॉइज गाउसियनच राहील, विषय संपला. प्रकल्पात इतकी आकडेमोड करण्यापेक्षा तेच सोपं नाही का?

---

कोरडवाहू

संशोधनात तसंच करतो. पण त्यासाठी प्रत्येक ठिकाणची फेज (तिथल्या बाणाची दिशा) माहीत हवी. ती क्षेत्रातल्या बारीक उणिवांमुळे, रक्ताच्या वाहण्यामुळे, श्वासामुळे बदलत असते. आणि हॉस्पिटलमधून डॉक्टरांकडे जाते ती बहुतेक वेळा मॅग्निट्यूड चित्रंच. कच्चा डेटा यंत्रावरच पुसला जातो. म्हणून मॅग्निट्यूडचा स्वभाव कळणं सुटत नाही.

---

निशिगंध

मी बालरोगतज्ज्ञ आहे, माझ्याकडे थॅलेसेमियाची मुलं येतात. वरची चर्चा त्यांच्यासाठी नुसती आकडेमोड नाही, म्हणून लिहिते.

या मुलांना आयुष्यभर रक्त द्यावं लागतं आणि त्यातलं लोह यकृतात, हृदयात साठत जातं. ते किती साठलं ते एमआरआयवरून काढतात. लोह जितकं जास्त, तितका सिग्नल लवकर विझतो. त्या विझण्याच्या वेळेला टी२ स्टार म्हणतात. हृदयाचा टी२ स्टार २० मिलिसेकंदांखाली गेला की लोह साठू लागलंय असं धरतो, १० खाली म्हणजे धोका फार जवळ. त्यावर औषधाचा डोस ठरतो.

एका मुलीचा यकृताचा आकडा तिच्या बाकी तपासण्यांशी जुळत नव्हता. रेडिओलॉजिस्ट मित्राने वक्र उघडून दाखवला. पहिल्या दोन-तीन बिंदूंत सिग्नल कोसळला होता आणि पुढे वक्र आडवा झाला होता, शून्याच्या बराच वर. तो आडवा भाग म्हणजे यकृत नव्हतंच, ती नॉइजची जमीन होती. सॉफ्टवेअरने मात्र तिलाही सिग्नल समजून रेष बसवली होती. शेवटचे बिंदू वगळून पुन्हा काढलं तेव्हा लोह आधीपेक्षा बरंच जास्त निघालं.

कोरडवाहू, याचं एखादं उदाहरण आकड्यांत करून द्याल का? माझ्या निवासी डॉक्टरांना दाखवीन.

---

कोरडवाहू

नक्की. दीपमाळच्याच नॉइजवर करते.

समजा खरा टी२ स्टार ५ मिलिसेकंद, सुरुवातीचा सिग्नल ५००, नॉइज १०. पाचव्या मिलिसेकंदाला सिग्नल १८४ उरतो, तो ठीक मोजला जातो. पंचविसाव्याला खरा सिग्नल उरतो फक्त ३.४. पण मॅग्निट्यूड चित्रात सरासरी दिसेल १२.९, कारण जमीनच १२.५ ला आहे. आता या दोन बिंदूंवरून टी२ स्टार काढा: २० भागिले नैसर्गिक लॉग (१८४ भागिले १२.९), म्हणजे २० भागिले २.६६, साडेसात मिलिसेकंद.

पाचाचे साडेसात झाले. यकृतातलं लोह साधारण एक भागिले टी२ स्टार या प्रमाणात धरतात, म्हणजे असलेल्या लोहापैकी दोन तृतीयांशच दिसलं. आणि हे त्याच मुलांच्या बाबतीत सगळ्यात जास्त होतं, ज्यांच्यात लोह सगळ्यात जास्त आहे. स्कॅन जास्त वेळा घेऊन सरासरी काढली तरीही जात नाही, कारण मॅग्निट्यूड चित्रांची सरासरी काढली तर जमीन १२.५ लाच राहते. बिंदू गाळावे लागतात किंवा समीकरणात जमीन धरावी लागते. शक्य असेल तिथे पहिला इको लवकरात लवकर घ्यावा.

---

निशिगंध

हे छापून ओपीडीत लावते. मनापासून आभार.

---

पिंपळपार

मानसशास्त्रवाला आहे. आमच्याकडे एफएमआरआयमध्ये (मेंदूचं काम टिपणाऱ्या एमआरआयमध्ये) हाच प्रश्न दुसऱ्या तोंडाने येतो. तिथे रक्तातल्या ऑक्सिजनमुळे सिग्नलमध्ये एक-दोन टक्क्यांचा फरक शोधायचा असतो, आणि तोही मेंदूच्या हजारो तुकड्यांत एकाच वेळी. समजा ६०,००० तुकडे आहेत आणि प्रत्येकात चुकीचा होकार येण्याची शक्यता हजारात एक ठेवली. काहीच घडत नसलं तरी ६० तुकडे उजळणार! क्रेग बेनेट आणि सहकाऱ्यांनी २००९ मध्ये मेलेला सालमन मासा यंत्रात ठेवून माणसांची छायाचित्रं दाखवली, आणि दुरुस्ती न केलेल्या गणितात माशाच्या मेंदूत ठिपके उजळले. अनेक तुलनांची दुरुस्ती लावली तेव्हा गेले. पुढे २०१६ मध्ये एकलुंड आणि सहकाऱ्यांनी दाखवलं की नेहमीच्या पॅकेजमधल्या काही पद्धतींत चुकीचे होकार ५ टक्के अपेक्षित असताना ७० टक्क्यांपर्यंत जाऊ शकतात. त्यांनी ते तपासलं विश्रांत अवस्थेतल्या खऱ्या माणसांच्या डेटावर, जिथे शोधण्यासारखं काही असणारच नव्हतं.

---

लंबक

पिंपळपार, ही शेवटची ओळ मोलाची. दीपमाळ, तूही एक रन सिग्नलशिवाय कर. फक्त नॉइज, आणि बघ तुझा कोड काय काय "शोधतो".

---

दीपमाळ

काल रात्री सगळं करून पाहिलं. आकडे देते.

अंतर ०.०५ मिलिमीटर केलं: इको ४७ मिलिसेकंदांवर गेला, उंची ६२ टक्के. लंबककाका, अगदी तुम्ही सांगितलंत तिथे.

अंतर परत ०.१, पण प्रत्येक बाण आपल्या घरात वाटेल तिथे: २३.५ ची उसळी गेली. तिथे आता तीनेक टक्क्यांची खरखर आहे, दर वेळी वेगळी. हजार बाणांचं वर्गमूळ घेतलं तर तेवढीच यायला हवी.

१० मिलिसेकंदांना १८० ची पल्स: इको २० ला, उंची ८२ टक्के, तिन्ही मांडण्यांत तिथेच. समान अंतराच्या मांडणीत मात्र आणखी एक खोटा इको ४३.५ ला दिसला. आधी घाबरले, मग लक्षात आलं की २० आणि २३.५ ची बेरीज आहे.

फँटमच्या आत नॉइजचं विचलन १०.०, कोपऱ्यात ६.५, दोन चित्रांच्या वजाबाकीवरून पुन्हा १०.०. सोनचाफादादा, तुमची वहीची गोष्ट नाव-गाव न देता प्रस्तावनेत घेऊ का? आणि निशिगंधताई, टी२ स्टारचं उदाहरण मी पूर्ण वक्रावर, आठ इको धरून करते आहे. झालं की कोड इथेच टाकते.

सिग्नलशिवायचा रन आत्ता चालू आहे.

---

सोनचाफा

घ्या ताई, खुशाल घ्या. सपाट काळ्या कोपऱ्याचं चित्रही काढून टाका शेजारी, विंडो खाली ओढून. ते बघितलं की कुणालाही कळतं.